एकक लिहायचं राहिलं

आठवी-नववीच्या पोरांना मी एकतीस वर्षं उष्णता शिकवली. वहन, अभिसरण, प्रारण. दर वर्षी दोन सारखे डबे घ्यायचे, एकाला चिमणीची काजळी फासायची, दुसरा राखेनं घासून लख्ख करायचा, दोन्हींत उकळतं पाणी ओतायचं आणि थर्मामीटर बुडवून वाट बघायची. काळा डबा आधी निवतो. स्कॉटलंडच्या जॉन लेस्लीनं १८०४ मध्ये हेच दाखवलं, त्याच्याकडे धातूचं चौकोनी पात्र होतं आणि आमच्याकडे गोडेतेलाचे रिकामे डबे. पोरं वहीत लिहायची की काळा, खडबडीत पृष्ठभाग उष्णता जास्त शोषतो आणि जास्त फेकतोही. मी लाल शाईनं बरोबरची खूण करायचो. निवृत्तीनंतर स्वतःच्या शेडचं छप्पर थंड करायची पाळी आली, तेव्हा यातलं एक अक्षर मला आठवलं नाही.

आमच्या गावी, ढाणकीत, 'गॅरेज कुठं आहे' असं विचारलं तर लोक मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानाकडं बोट दाखवतील. घरच्या गाडीच्या जागेला आम्ही शेडच म्हणतो. आमचं शेड म्हणजे जुना गोठा. बैल गेले, कवेलू उतरले, लोखंडी अँगलवर टिनं चढली आणि पश्चिमेला शटर बसलं. वीस फूट लांब, बारा फूट रुंद. मुलाची सेकंडहँड गाडी रात्री तिथं असते. सकाळी तो ती घेऊन उमरखेडला कामावर जातो आणि त्या मोकळ्या जागेत सूनबाई शिलाई मशीन मांडते. साधारण अकरा ते पाच. लग्नसराई हीच तिची सुगी, आणि ती येते नेमकी एप्रिल-मे महिन्यांत, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना.

पहिल्याच उन्हाळ्यात ती म्हणाली होती, "मामाजी, हवेचं एवढं काही नाही. पण टाळू तापते. डोक्यावर कोणं तवा धरल्यावानी वाटते."

विज्ञानाच्या मास्तरला याहून स्पष्ट शब्दांत कुणी काय सांगायचं? हवा सोसते, डोकं तापतं, म्हणजे उष्णता हवेतून येत नाही, वरच्या तापलेल्या टिनातून थेट अंगावर येते. प्रारण. मी मान डोलावली आणि कागद-पेन घेऊन हिशोबाला बसलो. तिच्या वाक्याकडं मी तक्रार म्हणून पाहिलं. ते निरीक्षण होतं, हे कळायला मला वर्ष लागलं.

बायको म्हणाली, वरून चुना मारा. तिच्या माहेरी, बिटरगावच्या अंगाला, लोक टिनावर चुना मारतात, त्यात थोडं फेव्हिकॉल घालतात. मी ते उडवून लावलं. कारण विचारलंत तर तेव्हा सांगितलं असतं की पहिल्या पावसात धुऊन जातो, चुना अल्कलीयुक्त असतो, टिनावरचं जस्त खातो. दोन्ही खरं आहे. पण माझं खरं कारण ते नव्हतंच. पांढरा चुना मारलेलं टीन म्हटलं की मला शाळेची मुतारी दिसायची. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या घराला चुना? मला दुकानातून आणलेली, पक्की पावती असलेली, नाव घेता येईल अशी वस्तू हवी होती. इन्सुलेशन.

हिशोब मात्र चोख केला. रोध म्हणजे जाडी भागिले वाहकता. थर्माकोलची वाहकता साधारण ०.०३५. म्हणजे एक इंचाचा रोध ०.७१. उघड्या टिनाला स्वतःचा रोध असा नाहीच, वरच्या-खालच्या हवेच्या पातळ थरांचा मिळून काय तो ०.२१. बेरीज केली, उलटा भागाकार केला. नुसत्या टिनातून छताच्या दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला जवळपास ५ वॅट उष्णता खाली येते. एक इंच थर्माकोल लावलं की तीच १.१ वर येते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं २०१८ मध्ये घरांसाठी 'इको-निवास संहिता' काढली, तिच्यात छतासाठी १.२ ची मर्यादा आहे. म्हणजे एका इंचात मी सरकारी परीक्षेत पास होत होतो. दुसरा इंच घातला तर ०.६, तिसरा घातला तर ०.४. गोधड्यांसारखंच आहे हे. पहिलीनं थंडी जाते, दुसरीनं ऊब येते, तिसरीचं नुसतं वजन.

इथंच थांबायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. तो मिनेसोटात असतो. त्याच्या घराला चिकटूनच गॅरेज आहे आणि जानेवारीत बाहेर शून्याखाली पंचवीस अंश. त्यानं व्हिडिओ कॉलवर फिरून मला भिंती दाखवल्या, लाकडी चौकटींत कोंबलेला गुलाबी काचतंतूचा कापूस दाखवला. आपल्याकडं गादी भरतात तसाच. "मामा, भिंतीत आर-तेरा आहे. तुमचा आर किती?"

मी कागदावरचा रोध बघितला. ०.७१.

तेरा आणि पाऊण! मला मनातून लाज वाटली. त्या लाजेतच मी एका इंचाचे दोन इंच केले, ०.७१ चे १.४३ झाले, आणि तरीही तेराच्या मानानं आपण भिकारीच, असं मानून नांदेडहून टेम्पोत थर्माकोल भरून आणलं. मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद, पन्नासेक तुकडे. तीन इंची मिळालं असतं तर तेही घेतलं असतं.

अमेरिकेतला आर फूट, फॅरनहाइट आणि ब्रिटिश थर्मल युनिटमध्ये मोजतात. आपला मीटर, सेल्सिअस आणि वॅटमध्ये. आपल्या एकाचे तिथं ५.६८ होतात. म्हणजे माझे दोन इंच त्यांच्या मापात आर-आठ होते, आणि भाच्याची तेरा आपल्या मापात जेमतेम २.३. उत्तरापुढं एकक लिहिलं नाही तर मी पोरांचा अर्धा गुण कापायचो. रडणाऱ्या पोरांचेही कापलेत. एककांचा हा घोळ मला कळला तेव्हा थर्माकोल चढून तीन महिने झाले होते. भाच्याला अजून सांगितलेलं नाही.

आणि आकड्याचं सोडा, मुळात तुलनाच चुकीची होती. त्याची उष्णता घराच्या आत, भट्टीत पैसे जाळून तयार केलेली. ती चोवीस तास बाहेर पळायला बघते आणि तिला सगळ्या बाजूंनी गुंडाळून ठेवायचं असतं. माझी उष्णता आभाळातून, दिवसाचे आठ-नऊ तास, एकाच बाजूनं येते. तीही टिनावर पडेपर्यंत उष्णता नसतेच, नुसता प्रकाश असतो.

चढवण्याची कहाणी लांबवत नाही. पहिला तुकडा मी चपला चिकटवायच्या रबरी डिंकानं चिकटवला. त्यातल्या द्रावकानं थर्माकोलच खाल्लं, सकाळी वाटीएवढा खड्डा. मग पट्ट्या ठोकून, तार ओढून टिनाला लागून घट्ट बसवलं. उरलेल्या तुकड्यांनी आणि जुन्या पोत्यांनी वळचणीची फट बुजवली. भिंतीचा माथा आणि टीन यांच्यामधली ती वीतभर फट मला उष्णतेचं दार वाटत होती. शेवटी लाकडी स्टुलावर उभं राहून मी वर बघितलं. पांढरंशुभ्र, सपाट. शहरातल्या ऑफिससारखं दिसत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

आणि दुपारी फरक पडलाही. थर्माकोल निकामी होतं असं म्हणालो तर ते दुसऱ्या टोकाला जाणं होईल. टाळू तापायची थांबली. सूनबाईनं दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "डोकं ठीक आहे मामाजी, आता उजवा गाल भाजते."

उजवीकडं शटर. तीननंतरचं तिरपं ऊन त्या लोखंडावर सरळ पडायचं आणि ते शटर तव्यासारखं तिच्याकडं तोंड करून उभं असायचं. मी गोधडी डोक्यावर घेतली होती आणि शेकोटी शेजारी ठेवली होती. कूलर लावला तर त्याहून वाईट. कूलर चालतो तो कोरडी हवा आत आणि ओली हवा बाहेर या येरझारीवर. बाहेरची वाट मी पोत्यांनी बुजवलेली. अर्ध्या तासात आत वाफेची खोली व्हायची, कापड मऊ पडायचं, इस्त्री धरायची नाही. संध्याकाळी सहाला बाहेर वाऱ्याची झुळूक यायची तेव्हा शेडमध्ये दुपार चालूच. मी तिला म्हणायचो, "शटर बंद ठेव, उष्णता आत येऊ देऊ नकोस." ती उघडून बसायची. मला वाटायचं, हिला शास्त्र कळत नाही.

मग मे महिन्यात शटरची निसटलेली पट्टी जोडायला वेल्डिंगवाला आला. एक ठिणगी वर गेली. थर्माकोल आधी आक्रसतं, मग वितळतं, मग पेट घेतं आणि जळते थेंब खाली टाकतं. काळा धूर, काजळीचे धागे, घसा धरणारा वास. वर पन्नास तुकडे आणि खाली लग्नाच्या कपड्यांचे गठ्ठे. कूलरच्या टाकीतलं पाणी बादलीनं मारलं आणि दोन तुकड्यांवर निभावलं. एका नवरीच्या शालूवर मात्र थेंब पडले, तीन भोकं. नवा शालू घेऊन द्यावा लागला, आणि त्या घरी जाऊन सांगावं लागलं ते वेगळंच. थर्माकोलची आग मंदावणारी जातही मिळते. दुकानात मी ते विचारलंच नव्हतं, मी फक्त जाडी विचारली होती. शिवाय हा पदार्थ सतत पंचाहत्तर-ऐंशी अंशांपर्यंतच तग धरतो आणि मी तो तापलेल्या टिनाला चिकटवून बसवला होता.

टीन किती तापतं हे तरी मला कुठं माहीत होतं! कोरोनातली कपाळाला लावायची बंदूक टिनाकडं धरली, तिनं पडद्यावर नुसतं 'हाय' लिहिलं. ताप मोजायची बंदूक ती, तिची धाव बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत. मग मुलाच्या इलेक्ट्रिशियन मित्राची बंदूक आणली. चकचकीत पत्र्यावर ही बंदूक खोटं बोलते. लख्ख पृष्ठभाग स्वतः कमी फेकतो आणि समोरचं परतवतो, त्यामुळं आकडा कमी दिसतो. म्हणून काळ्या टेपचे तुकडे चिकटवले आणि टेपवर नेम धरला. काजळीचा डबा पुन्हा हातात आला म्हणायचं. थर्माकोल काढलेल्या जागी, दुपारी दोनला, सावलीतली हवा ४३ आणि टिनाची खालची बाजू ६६. दोन टिनांवर बायकोनं तोवर, मला न विचारता, बाहेरून चुना मारून घेतला होता. तिथं ५२.

चौदा अंश. एका दुपारच्या कामाचे, एका गोणीच्या आतल्या चुन्याचे. मी टेप बदलून तीनदा मोजलं, कारण मला ते खोटं ठरायला हवं होतं.

त्या रात्री मी जुन्या घराचा विचार करत बसलो. आमचं घर माळवदाचं होतं. इकडं पैनगंगेच्या काठचं जंगल सागाचं, त्यामुळं सागाचे सर, वर लाकडी पट्ट्या आणि त्यावर फूटभर माती. माझी माय म्हणायची, मातीच्या घरात उन्हाळा शिरत नाही. मी तोही हिशोब केला. तेवढ्या मातीचा रोध ०.५ च्या आसपास भरतो, एक इंच थर्माकोलपेक्षाही कमी! म्हणजे माय चुकत होती. उन्हाळा शिरायचा, पण उशिरा शिरायचा. दुपारची उष्णता त्या मातीत मुरत मुरत रात्री खाली उतरायची, आणि तोवर आम्ही सगळे बाजा काढून अंगणात झोपलेलो असायचो. छप्पर आणि माणसं यांनी वेळा वाटून घेतल्या होत्या. त्या घरात मे महिन्याच्या रात्री दार लावून झोपायला सांगितलं असतं तर मायनंच पहिल्यांदा शिव्या घातल्या असत्या.

शेडमध्ये कोण, किती वाजता बसतं, हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. अकरा ते पाच, एक बाई, पश्चिमेला तोंड नसलं तरी गाल असलेली. तिला रात्रीसाठी उष्णता साठवणारं काही नको, दिवसाची कोंडून ठेवणारंही नको. ऊन टिनावर पडतं तिथंच परत जावं, जे आत येईल ते वरून निघून जावं.

म्हणून आता जे केलंय ते असं. टिनं घासून बाहेरून उष्णता परतवणारा पांढरा ॲक्रिलिक रंग, दोन हात. चुना नाही, जस्ताचं कारण या वेळी प्रामाणिकपणे. आमच्याकडं काळ्या मातीची धूळ बसते आणि धूळ बसलेला पांढरा रंग पांढरा राहत नाही, तेव्हा मार्चमध्ये एकदा धुवावा लागतो. खाली चार इंच जागा सोडून चंदेरी बबलची शीट ताणली आहे. ही जागा महत्त्वाची. चकाकीची बाजू टिनाला चिकटली तर चंदेरीपणा वाया, मग ती नुसती पातळ प्लास्टिकची शीट. थर्मासचंच तत्त्व, जेम्स ड्यूअरनं १८९२ मध्ये तो बनवला तेव्हा आतल्या काचेला चांदीचा मुलामा दिला होता. शीट लावणारा कारागीर चकाकी वरच्या बाजूला करत होता. मी खाली करायला लावली. वरच्या बाजूवर धूळ साचून ती आंधळी होते, खालची चकाकी टिकते आणि खाली कमी फेकते. या वेळी डबे आठवले होते. वळचण उघडी करून उंदरांसाठी जाळी मारली, माथ्यावर वाऱ्यानं फिरणारा पंखा बसवला. शटरबाहेर हातभर अंतरावर बांबूची ताटी, दुपारी सोडायची आणि संध्याकाळी गुंडाळायची.

रॉकवूलचाही विचार केला होता. ते जळत नाही, आणि बेसॉल्ट वितळवून त्याचे तंतू काढतात, म्हणजे आपल्याच पायाखालचा दगड. पण तंतू अंगाला खाजतात, ओल धरली की लोंबतं, खालून झाकावं लागतं. शिवायच्या कापडाशेजारी नको वाटलं. फोमचे तयार पॅनल शीतगृहांना ठीक.

यातही एक खोट आहे. साधं टीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आभाळाला परत देतं, हवेपेक्षाही थंड होतं. डिसेंबरात पहाटे टिनाला आतून घाम फुटतो तो त्यामुळंच. चंदेरी शीट दिवसा वरची उष्णता अडवते, तशी रात्री खालचीही अडवते. म्हणून वळचण आणि पंखा. आणि एवढं करून दुपारी आत हवा ४३ च असते. बाहेर जेवढी, तेवढी. इन्सुलेशन काही थंड करत नाही. पण टाळू आणि गाल दोन्ही शांत आहेत, आणि कूलर कूलरसारखा चालतो.

अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ जास्त मृत्यू झाले, त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहरानं उष्णतेचा आराखडा केला आणि पुढं गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करायला घेतली. पैनगंगेच्या खालच्या अंगाला नदीपलीकडं तेलंगण लागतं, त्या राज्यानं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच काढलं. हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे आता छापून आलं म्हणून पटलं का?" मला बोलायला काही नव्हतं. मला छापून आल्यावरच पटतं. सुनेचं टाळूचं वाक्य आणि बायकोचा चुना, दोन्ही मी ऐकले ते बंदुकीच्या पडद्यावर आकडा उमटल्यावर.

जूनच्या अखेरीस पहिला मोठा पाऊस आला. सूनबाई मशीन थांबवून बसली होती. टिनावर एवढा ताशा वाजत होता की दारात आलेल्या बाईचं माप विचारणं होत नव्हतं, दोघी एकमेकींना बोटांनी सांगत होत्या. पाऊस ओसरल्यावर ती म्हणाली, "मामाजी, थर्माकोल होतं तेव्हा आवाज दबत होता पण."

जळके, फुटलेले टाकून दिल्यावर उरलेले तुकडे मागच्या भिंतीशी उभे आहेत. संध्याकाळी मी जाऊन मोजले. एकोणचाळीस निघाले, त्यातल्या एकात मुंग्यांनी घर केलंय. बायकोनं खिडकीतून विचारलं, "आता ते काहून मोजून राहिले?"